मुखपृष्ठावरचं बीळ

एका बाईनं मला तिच्या घराचा नकाशा दाखवला होता. भर दुपारी, भाताच्या शेताच्या बांधावर उभं करून, सगळ्या खोल्यांसकट. मी त्याचा फोटो काढला, तो माझ्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला, आणि मग तिच्यासाठी भलतंच घर बांधलं. एक नाही, चौदा. त्या चौदा घरांत शेळ्या राहायला गेल्या आणि माणसं बाहेर झोपली. आपलं काय चुकलं हे कळायला मला सव्वीस वर्षं लागली. तेव्हा ज्यांना अनुभवी वास्तुरचनाकार आजीबाईंकडून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायच्या असतील त्यांनी सरळ पान उलटावं. पुढं कुणाची तरी चकलीची कृती असेलच, ती जास्त उपयोगाची.

मी कुंभकोणमची. आमचे पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरकडं आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. घरचं मराठी इथं जसंच्या तसं लिहिलं तर तुम्हाला जुनी बखर उघडल्यासारखं वाटेल, म्हणून पुण्यात शिकताना पाच वर्षांत जे मराठी कमावलं, त्यातच लिहिते आहे. पुण्यात मी आणखी दोन गोष्टी कमावल्या. एक पदवी आणि दुसरी, आपल्याला सगळं कळतं ही खात्री. पदवी अजून कपाटात आहे.

तर मी पस्तिसाची होते. कडक इस्त्रीची सुती साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा, खांद्याला शबनम आणि कमरेला मोजायची टेप. आता ते फोटो पाहिले की वाटतं, ही बाई घर बांधायला निघाली आहे की गड सर करायला? नवरा म्हणायचा, "तलवार तेवढी विसरलीस." मी त्याच्याकडं दुर्लक्ष करायची. तेव्हा मी बऱ्याच लोकांकडं दुर्लक्ष करायची.

कुंभकोणमच्या उत्तरेला कोळ्ळिडम नदी आहे. तिच्या काठच्या एका वस्तीत इरुळर लोकांची चौदा कुटुंबं राहत होती. वस्तीचं नाव मुद्दामच सांगत नाही. इरुळर हे इथले आदिवासी. जंगल, साप, औषधी पाला यांची त्यांना पिढ्यान् पिढ्या माहिती. आमच्या भातशेतीच्या मुलखात त्यांची मोठी गरज लागते ती उंदरांसाठी. शेतातला उंदीर पीक कापून बिळात नेतो, आणि तो नेमका कुठं आहे हे बांधावरून नुसतं चालत जाऊन सांगणारी माणसं म्हणजे इरुळर. त्यांच्या ताडाच्या झापांच्या झोपड्या होत्या. त्यांच्या जागी पक्की घरं बांधायची एक योजना आली आणि ते काम माझ्याकडं आलं.

आमच्या धंद्यात याला 'लोकसहभागातून रचना' म्हणतात. म्हणजे घर तुम्ही काढायचं नाही, ज्याला राहायचं आहे त्याच्याबरोबर बसून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी त्यासाठी चाळीस प्रश्नांची यादी टाइप करून नेली होती.

"खिडक्या किती हव्यात?"

"तुम्ही म्हणाल तेवढ्या, अम्मा."

मी लिहिलं, दोन.

"चूल आत हवी की बाहेर?"

"तुम्ही म्हणाल तिथं, अम्मा."

मी लिहिलं, आत. सगळे हात जोडून 'अम्मा, अम्मा' म्हणत होते आणि मी सुखावत होते. हात जोडणारा माणूस आपल्यापासून अंतर राखतो आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या चाळीस प्रश्नांत कुठंच बसत नव्हती.

एकच बाई वेगळी निघाली. नागम्मा. पंचेचाळिशीची असेल, काळी, काटक, डोळे सतत जमिनीवर. शेवटचा प्रश्न होता, "तुमच्या मनातलं घर कसं आहे?" बाकीचे हसले. ही उठली, पहार खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चला अम्मा, दाखवते."

मला वाटलं, बाई प्रश्न टाळते आहे. पण फोटो मिळतील म्हणून गेले.

बांधावर ती अनवाणी टाचेनं जमीन चाचपत चालली. एका बिळापाशी उकरलेल्या मातीचा ताजा ढीग होता. मला वाटलं, आता खणणार. ती पुढं गेली, पाच-सहा हातांवर थांबली आणि जिथं काहीच दिसत नव्हतं अशा जागी तिनं टाच रोवली. मग टाच न हलवता वाकून पहारीनं मधला बांध उलगडला. वर चढत गेलेला बोळ, जेणेकरून पाणी शिरू नये. त्याच्याही वर कोठार, त्यात एकाच बाजूला तोंड करून रचलेल्या भाताच्या लोंब्या. बाजूला गवताचं मऊ अंथरूण. आणि तिथून निघालेली एक अरुंद वाट थेट तिच्या टाचेखाली आलेली, तोंडाशी बोटभर जाडीच्या मातीनं आतून बंद केलेली. बाहेरून पाहणाऱ्याला तिथं नुसती जमीन.

"पाहिलंत ना, अम्मा?"

"पाहिलं."

"कळलं ना?"

"कळलं, कळलं!" मी म्हणाले आणि फोटो काढला. अहवालाच्या मुखपृष्ठावर तो छान छापून आला. खाली ओळ होती, 'वस्तीचा पारंपरिक व्यवसाय'.

मग मी विटांची चौदा घरं बांधली. सरळ रांगेत, बरॅकीसारखी. उंच जोतं, जाड भिंती, लोखंडी गजांच्या दोन खिडक्या आणि पुढं एक दार, चांगलं सागवानी, बाहेरून-आतून कडी. इतकी मजबूत भिंत त्या पंचक्रोशीत नव्हती, याचा मला फार अभिमान होता.

वर्षभरानं पुण्याहून माझे सर आले. त्यांना मी मोठ्या थाटात माझं काम दाखवायला नेलं. पहिल्या घराच्या दारातून एक शेळी बाहेर आली, आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आत गेली. दुसऱ्या घरात सरपण, तिसऱ्यात कोंबड्या. माणसं घरांच्या मागं पुन्हा झापांच्या झोपड्या घालून राहत होती. सर चष्मा पुसत राहिले. आणि मी नागम्माच्या तोंडावर, मोठ्या आवाजात, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढं चांगलं घर बांधून दिलं, तर त्यात राहायची अक्कल नाही तुम्हाला!"

नागम्मानं सरांना बसायला चटई आणून टाकली. मला टाकली नाही. मी पुढच्या अहवालात लिहिलं, 'वस्तीत जागृतीची गरज आहे'.

पुढची वर्षं मी इतर लोकांची घरं बांधली. साक्कोट्टैला एका निवृत्त हेडमास्तरांचं घर होतं. त्यांनी सात वेळा नकाशा बदलून घेतला, कारण त्यांना सकाळची कॉफी गाळताना देवळाचं गोपुर दिसायला हवं होतं. सातही वेळा मी "हो सर, बरोबर आहे सर" म्हणत स्वयंपाकघर फिरवलं. मास्तरांना गोपुर हवं तर ती आवड. नागम्माला घर नको तर ते अज्ञान. हा फरक तेव्हा मला खुपला नाही. आता लिहितानाही हात जरा अडतो.

एकसष्टाव्या वर्षी मी काम थांबवलं, नातवंडांना पत्त्यांत फसवून जिंकायला लागले, आणि त्याच सुमारास सेल्वम नावाच्या एका तरुण इंजिनिअरचा फोन आला. नदीनं काठ खाल्ला होता, ती चौदा घरं तडकली होती. वस्तीला आत, उंचावर नवी जागा मिळाली होती. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत घरं उभी राहिली नाहीत, तर ती जागा दुसऱ्या कामाला जाणार होती.

"मॅडम, तुम्हाला त्या लोकांचा अनुभव आहे म्हणे," सेल्वम म्हणाला.

"त्यांना माझा आहे," मी म्हणाले.

गेले. टेप घरी ठेवली. नागम्मा आता सत्तरीच्या पुढं गेलेली, दात निम्मे, डोळे तसेच जमिनीवर. तिनं मला पायांवरून ओळखलं असावं, कारण चेहऱ्याकडं बघायच्या आधीच म्हणाली, "शेळ्यांची घरं बांधणारी आली का?"

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर हसले असेन.

"या वेळी तुमची घरं बांधायला आले, अक्का."

"बांध. मी आत झोपणार नाही." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "झोपायचं आहे गं. पावसात, पक्क्या छपराखाली, पाय लांब करून. मरायच्या आधी एकदा तरी. पण तुझ्या घरात झोप येत नाही." मग माझ्या गळ्याकडं पाहिलं. "कॅमेरा?"

"आणला नाही."

"मग चल."

पुन्हा बांध. पुन्हा टाच रोवून तिनं तेच केलं. फक्त या वेळी म्हणाली, "हात घाल." मी एकसष्ट वर्षांची, गुडघ्यांची कुरकुर चाललेली, बिळात हात घालताना मनात फक्त साप. ती म्हणाली, "साप असता तर मी आधी तुला ढकललं नसतं, मी आधी पकडला असता." हात आत गेला. कोठार, अंथरूण, आणि मग त्या अरुंद वाटेच्या टोकाची पातळ माती. बोट लावलं, ती फुटली, आणि बोट पलीकडं तिच्या टाचेला लागलं.

"हे कशाला करतो तो?" मी विचारलं. सव्वीस वर्षं उशिरा, पण विचारलं.

"आम्ही समोरून खणतो म्हणून," ती म्हणाली. "उंदीर धरायचा तर आधी मागची वाट शोधायची, ती दाबून धरायची, मग पुढून खणायचं. मागची वाट सापडली नाही तर तो सुटला. हे आम्हाला माहीत, आणि तू आम्हालाच एका दाराच्या घरात घातलंस."

मग तिनं जे सांगितलं ते मी इथं थोडक्यात लिहिते, तिनंही थोडक्यातच सांगितलं होतं. झापाच्या झोपडीची प्रत्येक भिंत म्हणजे दार. हात घातला की वाट. तिचा नवरा माझ्या पक्क्या घरात एकच रात्र झोपला. सकाळी खाकीतलं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. चोरी दुसऱ्याच कुणी केली होती. खिडक्यांना गज होते, दार एकच होतं. तो आठ महिन्यांनी सुटून परत आला. त्यानंतर त्या चौदा घरांत कुणीही झोपलं नाही.

म्हणजे सरांना घेऊन मी गेले, अक्कल काढली, ते त्यानंतर.

"मला सांगितलं का नाहीस, अक्का?"

"सांगितलं की. इथंच. तू 'कळलं, कळलं' म्हणालीस."

मी बांधावर बसून राहिले. ती माझी समजूत वगैरे काढत बसली नाही. सापडलेल्या लोंब्या पदरात भरून घरी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कागद नव्हताच. जमिनीवर दोऱ्या टाकायच्या, खऱ्या घराएवढ्या, आणि त्यात दिवसभर राहून बघायचं. नागम्माची मुलगी पच्चैयम्मा दोरीच्या खोलीत आडवी झाली आणि ओरडली, "पाय शेजारणीच्या घरात गेले!" दोरी सरकली. रांग मोडली. बायकांनी घरं अशी वाकडीतिकडी फिरवली की कुणाच्याही दारातून दुसऱ्याच्या घराची मागची बाजू दिसेना. पुण्यात मला सरळ रेषेसाठी बक्षीस मिळालं होतं. इथं माझी एक सरळ दोरी नागम्मानं पायानं उडवली आणि म्हणाली, "हिला सवय आहे."

आता अडचण होती मागच्या वाटेची. मला वाटलं सोपं आहे, मागं दुसरं दार काढू. काढलं. नागम्मानं विचारलं, "हे कागदावर जाणार?"

"जाणार. नकाशा मंजूर व्हावा लागतो."

"मग नको. कागद सगळे बघतात. ज्या वाटेचा कागद आहे तिथंही माणूस उभा राहील." ती म्हणाली, "आणि चौदा घरांत एकाच जागी नको. एक सापडली की चौदा सापडल्या."

म्हणजे मला अशी भिंत हवी होती जी हव्या त्या ठिकाणी कच्ची असेल, जी बाहेरून दिसणार नाही, जी नकाशात नसेल, आणि तरी छप्पर पडणार नाही. आयुष्यभर मी मजबूत भिंती बांधल्या होत्या. मोडणारी भिंत कुणी मागितली नव्हती.

आठ दिवस डोकं खाजवलं. नेहमीच्या घरात छपराचा भार भिंतींवर असतो, म्हणून भिंत मोडून चालत नाही. मग मी छप्पर भिंतींवरून काढून खांबांवर ठेवलं. कोपऱ्यांत चार, मध्ये दोन. आता भिंती फक्त आडोशाला. त्यातला कुठलाही गुडघाभर तुकडा विटांऐवजी बांबूच्या चिवाट्या आणि मातीचा केला, कुडाची भिंत करतात तसा, आणि वरून सगळीकडं सारखाच चुना फासला, तर कुणाला कळणार? मला स्वतःचं हे काम अजून आवडतं. इतरांची खोटी स्तुती करायची सवय आहे, स्वतःची एवढी एक खरी करू द्या.

सेल्वम नकाशा घेऊन बसला. "मॅडम, छप्पर खांबांवर. मग भिंती कशाला?"

"आडोशाला."

"सहा खांब जरा जास्त होतात."

"वादळात लागतात." हे खरंच होतं. आमच्याकडं वादळं येतात. खोटं मी बोलले नाही, फक्त खरं सांगताना निवड केली.

त्यानं कोळ्ळिडमच्या काठच्या त्या जुन्या तडकलेल्या घरांकडं बघितलं. त्याचे आजोबा शेतमजूर होते, हे त्यानं मला नंतर कधीतरी सांगितलं. "वादळात लागतातच," तो म्हणाला आणि सही केली.

भिंती भरायच्या वेळी नागम्मानं मला बोलावलं. "तू आता जा."

"कुठं?"

"कॉफी पिऊन ये. कुंभकोणमला. दोन दिवसांनी ये."

मी वास्तुरचनाकार, ते माझं काम, आणि मला कामावरून कॉफी प्यायला हाकलून दिलं. गेले. दोन दिवसांनी आले तर चौदा घरं पांढरी स्वच्छ उभी. वाट कुठल्या घरात कुठं आहे, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आताही नाही. स्वतः काढलेल्या घरांबद्दल एवढं कमी माहीत असलेली दुसरी वास्तुरचनाकार तुम्हाला सापडणार नाही, आणि याचा मला त्या सागवानी दारांपेक्षा जास्त अभिमान आहे.

हे सगळं आता लिहू का, म्हणून या उन्हाळ्यात मी पच्चैयम्माला विचारायला गेले होते. नागम्मा आता नाही. पच्चैयम्मानं इतर बायकांना गोळा केलं, त्यांचं बराच वेळ चाललं, आणि मग ती म्हणाली, "लिही. वस्तीचं नाव घालू नको. वाट कुठं आहे ते लिहिशील म्हटलं तर तुला तरी कुठं माहीत आहे?" म्हणून लिहिते आहे. नावंही मी बदलली आहेत.

पण नागम्मा झोपली का, हे राहिलंच.

ऐप्पसी सुरू व्हायला चार-पाच दिवस होते, संध्याकाळी आभाळ भरून येत होतं. सकाळी घरं ताब्यात द्यायला सरकारी साहेब येऊन गेले, टाळ्या झाल्या. बाकीच्यांनी सामान आत नेलं. शेळ्या बाहेर बांधल्या, हे मी नीट पाहून घेतलं. नागम्मा मात्र आपल्या घरासमोर उभीच. दुपारी सगळं शांत झाल्यावर तिनं मला दारासमोर बसवलं.

"दाराकडं बघत बस. इकडं तिकडं बघायचं नाही. तू दारातला माणूस."

ती आत गेली, आतून कडी लावली. मी उन्हात बसून दाराकडं बघत राहिले. आतून काही आवाज नाही. शेजारची एक कोंबडी माझ्या चपलेवर येऊन बसली. मला घाम फुटला. उन्हाचा होता, पण सगळा उन्हाचा नव्हता. सहाएक मिनिटं गेली असतील. मनात आलं, अडकली. सत्तरी ओलांडलेली बाई, तिचं अंग त्यातून जात नसेल. माती जास्त जाड झाली असेल. पुन्हा चुकले. उठून हाक मारणार, तेवढ्यात मागून कुणीतरी माझा कान पिरगळला.

वळले तर नागम्मा. केसांत माती, कोपराला चुना, आणि उरलेले सगळे दात दाखवत हसत होती. कुठून आली, मला आजही सांगता येणार नाही. मी तर दाराकडं बघत होते.

दार आतून बंद. ती परत आत कशी गेली, तेही मी पाहिलं नाही, कारण तिनं मला आता नदीकडं तोंड करून उभं केलं. पच्चैयम्मा मातीचं टोपलं घेऊन लगबगीनं कुठंतरी जाऊन आली. मग समोरचं दार उघडलं. आत ओल्या मातीचा वास होता. नागम्मानं चटई टाकली, लुगडं सावरलं आणि पाय लांब करून आडवी झाली. मी उंबऱ्यावर बसले. खरं सांगायचं तर रडायला येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून दाराची चौकट तपासल्यासारखं करत होते.

तिनं डोळे मिटले. मग न उघडताच बोलली. बोलली तमिळमध्ये, पण त्यातला एक शब्दही मी इकडचा तिकडे केलेला नाही. आधी सगळे मला 'अम्मा' म्हणायचे. तिनं मला लहान पोरीला म्हणतात तसं 'पाप्पा' म्हटलं, मी दोन नातवंडांची आजी असताना.

"पाप्पा, एकदा बीळ उकरलं की उंदीर त्या बांधावर परत येत नाही. तू आलीस. उंदराएवढीही अक्कल नाही तुला, म्हणून बरं झालं. आता दारातून ऊठ. तू तिथं बसलीस तर मला झोप कशी येणार?"